पांढरं जाणं, पिशवी आणि कॅन्सर: कशाला घाबरायचं, कशाला नाही

"अंगावरून पांढरं जातंय, कंबर भरून येते, ओटीपोटात दुखतं," असं सांगत बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते आणि उत्तर येतं, "पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे. मुलं झालीत ना? मग काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." मराठवाड्यात तर हे वाक्य घरोघरच्या बायकांना पाठ आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा जणींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचं हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास निघतं.

या सगळ्यातली खरी गोम अशी की, ज्या त्रासाला घाबरून या पिशव्या निघतात तो त्रास सहसा कॅन्सरकडे जातच नाही. आणि ज्या संसर्गातून पुढे गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर होतो, त्यात पांढरं जात नाही, खाज येत नाही, दुखत नाही. वर्षानुवर्षं त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी एक साधी तपासणी असते. ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ती आयुष्यात एकदा तरी करून घेतलेल्या १.९ टक्के आहेत, असं २०१९–२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत दिसलं. बोलक्या आजाराला आपण भितो आणि मुक्या आजाराला विचारतही नाही. म्हणून हे दोन्ही आजार वेगवेगळे करून बघायला हवेत.

पांढरं जातं म्हणजे नेमकं काय होतं

आधी जागा समजून घेऊ. बाहेरून आत जाताना पहिला येतो योनिमार्ग. त्याच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या वर मुठीएवढं गर्भाशय, आपण ज्याला पिशवी म्हणतो ते. पिशवीच्या दोन बाजूंना बीजनलिका आणि त्यांच्या टोकाशी बीजांडकोश. कोणताही आजार ऐकला की तो यातल्या कुठल्या मजल्यावरचा, हे आधी विचारावं. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

योनिमार्गात थोडा ओलावा असणं हे आरोग्याचं लक्षण आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत, बीज सुटतं तेव्हा, स्राव पातळ, पारदर्शक आणि ताणला तर तार धरणारा होतो. पाळीच्या आधी तो घट्ट आणि पांढुरका होतो. गरोदरपणात वाढतो. याला वास नसतो, खाज नसते. अशा पांढऱ्याला औषध लागत नाही. तरीही "पांढऱ्यातून अंगातली ताकद निघून जाते" या समजुतीपायी कित्येकजणी वर्षभर टॉनिकं पीत राहतात.

योनिमार्गाची राखण करतात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू, दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला सामू, म्हणजे आम्लतेचं माप, ४.५ च्या खाली राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे जम बसवता येत नाही. प्रतिजैविकांचा मारा, आतून साबण किंवा सुगंधी वॉशने धुणं, ताब्यात नसलेला मधुमेह, असुरक्षित संबंध अशा कारणांनी ही राखण मोडली की संसर्ग होतो. नेहमीचे तीन.

पहिल्यात लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जिवाणूंची गर्दी होते. स्राव राखाडी, पातळ, आणि संबंधांनंतर विशेष जाणवणारा मासळीसारखा वास. दुसरा बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा. यात वास नसतो, पण खाज जीव नकोसा करते आणि स्राव फुटलेल्या दह्यासारखा असतो. हा वरचेवर होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे, कारण अनेकींचा मधुमेह असा उघडकीला येतो. तिसरा ट्रायकोमोनासचा. तो एकपेशीय परजीवी असतो, संबंधांतून पसरतो, आणि स्राव हिरवट-पिवळा, फेसाळ येतो. यात नवऱ्याला औषध दिल्याशिवाय बाईचा आजार जात नाही. नवरा "मला काहीच होत नाही" म्हणतो आणि ते खरंही असतं, कारण पुरुषांत हा संसर्ग बहुतेकदा लक्षणांशिवाय राहतो. बाई औषध घेते, बरी होते, महिन्याभरात पुन्हा तेच. मग "औषधाने गुण येत नाही, पिशवीच खराब आहे" इथपर्यंत गाडी येते.

या तिन्हींवर गोळ्यांचा कोर्स पुरतो. सरकारी दवाखान्यात तर प्रयोगशाळेची सोय नसली तरी लक्षणांवरून रंगीत खोक्यातली औषधं देण्याची पद्धत आहे. पांढरं जाण्यासाठी हिरवं किट, ओटीपोटातल्या संसर्गासाठी पिवळं. ती मोफत मिळतात. शस्त्रक्रियेचा इथे संबंधच येत नाही.

हे त्रास किती सर्रास आहेत, हे जगाला महाराष्ट्रातूनच कळलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता, सरासरी धरली तर प्रत्येकीला तीनाहून जास्त. आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळात ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच धरलं जायचं. दोन गावांच्या या अभ्यासाने तो समज मोडला. मात्र त्याचा अर्थ ९२ टक्के बायकांना ऑपरेशन लागतं असा कुणी काढला असेल तर तो बंग दाम्पत्याचा दोष नाही.

खालचा संसर्ग वर चढला तर मात्र गोष्ट गंभीर होते. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे जंतू, किंवा अस्वच्छ गर्भपात-बाळंतपणातून शिरलेले जंतू, पिशवीतून बीजनलिकांपर्यंत पोचतात. ताप, ओटीपोटात दोन्ही बाजूंना दुखणं, संबंधांच्या वेळी वेदना. उपचाराला उशीर झाला तर नळ्या आतून चिकटतात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि जिवावर बेततं. आपल्याकडे त्यात क्षयाची भर. जननमार्गाचा क्षय झाला तर बीजनलिका जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतात, आणि कित्येकदा वंध्यत्वाच्या तपासण्यांपर्यंत त्याचं नावही निघत नाही. पण इथेही भीती आहे ती वंध्यत्वाची आणि रोजच्या दुखण्याची. कॅन्सर हा त्याचा पुढचा टप्पा नव्हे.

"तोंडाला जखम"

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पिशव्या याच वाक्याने काढवल्या असाव्यात असं मला वाटतं.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर सपाट पेशींचे अनेक थर असतात, म्हणून तो फिकट गुलाबी दिसतो. आतल्या वाटेवर मात्र उभट पेशींचा एकच थर असतो. तो इतका पातळ की खालच्या रक्तवाहिन्या दिसतात आणि तो भाग लालभडक वाटतो. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा आतला लाल थर थोडा बाहेरच्या बाजूला उलटतो. तपासणाऱ्याला तोंडाभोवती लाल वर्तुळ दिसतं. तिथे खरचटलेलं काही नसतं, जखम नसते. तो निसर्गाचा नेहमीचा प्रकार आहे. त्यातून स्राव थोडा जास्त येऊ शकतो, संबंधांनंतर कधी रक्ताचा ठिपका दिसतो, एवढंच. पण कागदावर 'इरोजन' लिहिलं जातं, बाईला 'जखम' सांगितली जाते, आणि घरी 'कॅन्सरची सुरुवात' पोचते.

असं असलं तरी ही जागा दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बाहेर उलटलेला हा नाजूक थर योनिमार्गातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून हळूहळू त्याच्या जागी सपाट पेशी तयार होत जातात. हा बदल जिथे चालू असतो तो पट्टा सतत पेशी घडवत असतो, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी याच पट्ट्यात सुरू होतो. शिवाय कॅन्सरची खरी गाठ किंवा व्रण नुसत्या डोळ्यांनी कधी अशाच लाल भागासारखा दिसू शकतो. तेव्हा "जखम आहे" असं कळल्यावर करायची गोष्ट एकच, त्या पट्ट्याची तपासणी. तपासणी न करता पिशवी काढण्यात दुहेरी धोका आहे. कॅन्सर नसेल तर धडधाकट अवयव गेला. आणि असेल, तर साध्या पद्धतीने पिशवी काढणं ही चुकीची शस्त्रक्रिया ठरते. पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आजूबाजूच्या ऊतींसकट मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि आधी अर्धवट ऑपरेशन झालेल्या बाईवर पुढचे उपचार करणं अवघड होऊन बसतं.

मुका संसर्ग

१८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टेर्न नावाच्या डॉक्टरने मृत्यूच्या नोंदी चाळताना पाहिलं की, गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांत दिसतो, मठातल्या जोगिणींमध्ये जवळजवळ दिसत नाही. म्हणजे संबंधांतून येणारं काहीतरी असावं. ते काहीतरी काय, हे कळायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. १९७० च्या दशकात नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूवर सगळ्यांचा संशय होता. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउसेन मात्र चामखीळ करणाऱ्या विषाणूंच्या मागे लागले होते. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८३ आणि ८४ मध्ये त्यांच्या गटाने कॅन्सरच्या गाठींमधून ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ हे प्रकार वेगळे काढले. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत असलेल्या 'हेला' पेशींमध्येही हा १८ क्रमांकाचा विषाणू सापडला. २००८ चं नोबेल त्सुर हाउसेन यांना यासाठीच मिळालं.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींनी हातापायाला चामखीळ येते, काहींनी जननेंद्रियांवर. कॅन्सरशी संबंध येतो तो चौदाएक प्रकारांचा, आणि १६ व १८ हे दोघेच मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत.

संसर्ग होतो तो कातडीला कातडी लागून, म्हणून निरोध बराच बचाव करतो पण पुरता नाही. आणि होतो तो जवळजवळ सगळ्यांना. संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच. एकच जोडीदार असलेल्यांनाही. त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही. दहापैकी नऊ जणींमध्ये शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला आपोआप हुसकावून लावतं. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो.

मुक्काम ठोकला की काय करतो? पेशीत दोन पहारेकरी प्रथिनं असतात. एक खराब झालेल्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं, दुसरं पेशीला विनाकारण दुभागू देत नाही. विषाणूचं ई-६ नावाचं प्रथिन पहिल्याचा नाश करतं, ई-७ दुसऱ्याला निकामी करतं. त्यानंतर पेशी वाढत राहते, तिच्यात बिघाड साठत राहतात. हे रातोरात होत नाही. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १० ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये, हा प्रवास लवकर होतो. या मधल्या काळात पेशी बदललेल्या असतात पण कॅन्सर झालेला नसतो. ही कॅन्सरपूर्व अवस्था. तिला ना वास, ना खाज, ना वेदना. पण ती शोधली तर सापडते, आणि सापडली तर काही मिनिटांत तिचा निकाल लावता येतो. इतकी लांब सवलत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत. तरीही २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास मरतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर भारतीय बायकांत याचाच नंबर.

धाराशिवने जगाला काय दाखवलं

१९९९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन पाहण्याची, म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून बघण्याची, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा, वेगळी तपासणी नाही. प्रत्येकीची तपासणी एकदाच, आणि मग आठ वर्षं पाठपुरावा.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पसरलेल्या अवस्थेत सापडलेले कॅन्सर एका गटात ३९, दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन तपासण्यांनी एकाच फेरीत तेवढा फरक पडला नाही. ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यात पुढच्या वर्षांत कॅन्सरचं प्रमाण, पॅप किंवा व्हिनेगर तपासणी निगेटिव्ह आलेल्यांच्या तुलनेत, सुमारे चौपट कमी राहिलं. एचपीव्ही निगेटिव्ह म्हणजे काही वर्षं निर्धास्त, हा भरवसा जगाला मिळाला त्यात बालाघाटाच्या माळरानावरच्या गावांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते. या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत माहीत असताना एका गटाला ती दिलीच नाही, हे योग्य का? त्या ६४ जणींचा आकडा वाचताना हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने दुसरा मार्ग तपासला. दीड लाखाहून जास्त बायका. दहावी शिकलेल्या स्थानिक महिलांना चार आठवडे प्रशिक्षण दिलं, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टर लागला नाही, प्रयोगशाळा लागली नाही.

ही तपासणी होते कशी, ते सांगतो, कारण न गेलेल्या बायकांच्या मनात त्याचं मोठं ओझं असतं. टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून बाजूला. योनिमार्गात स्पेक्युलम नावाचं, चोचीसारखं उघडणारं साधन हळूच घालतात. गार लागतं, दाब जाणवतो, दुखत नाही. श्वास सोडून कंबर सैल ठेवली की आणखी सोपं जातं. प्रकाशझोतात गर्भाशयमुख दिसतं. मग ३ ते ५ टक्के अॅसेटिक आम्लात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्याच तीव्रतेच्या द्रावात, बुडवलेला कापसाचा बोळा तिथे लावतात. थोडी चुणचुण. घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशींमध्ये प्रथिनं दाटीने असतात, ती आम्लाने गोठतात आणि त्या बदलत्या पट्ट्याच्या कडेला ठळक पांढरा डाग उमटतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी ही सोय सरकारी आरोग्य केंद्रांत अपेक्षित आहे. आशाताईंना विचारावं. तपासणी कोणत्या वारी असते, ते त्यांना माहीत असतं. एचपीव्ही तपासणीसाठी तर नमुना बाईला स्वतःच, पडद्याआड, मऊ काडीने घेता येतो.

पाळीच्या दिवसांत जाऊ नये, इतकंच पथ्य.

बाकीच्या गाठी, थोडक्यात

'पिशवीत गाठ' म्हटलं की तोंडचं पाणी पळतं, पण ती बहुधा फायब्रॉइड असते. स्नायूंची साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना असते, पुष्कळांना कळतही नाही, आणि पाळी गेल्यावर ती आपोआप आक्रसते. तिचा कॅन्सर होणं अतिशय विरळ. रक्तस्राव फार होत असेल, हिमोग्लोबिन घसरत असेल, तर उपचार हवेतच, पण ते रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी, फक्त गाठ काढणं, अशा पायऱ्यांनी जातात. पिशवी काढणं ही शेवटची पायरी. काहींना ती लागतेही, आणि त्यांना त्याने खरंच सुख मिळतं.

पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर बहुतेकदा पाळी गेल्यावर येतो आणि लवकर सूचना देतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक ठिपका जरी रक्त दिसलं तरी "पाळी परत आली" म्हणून सोडायचं नाही. बीजांडकोशाचा कॅन्सर मात्र दगाबाज. पोट फुगणं, थोडं खाऊन पोट भरणं, वारंवार लघवीला लागणं, इतकीच लक्षणं असतात आणि ती अॅसिडिटी म्हणून खपून जातात. चाळिशीनंतर हे नव्याने सुरू होऊन तीन-चार आठवडे टिकलं तर सोनोग्राफी करावी. याउलट तरुण मुलीच्या बीजांडकोशातली पाण्याची साधी गाठ बहुधा दोन-तीन पाळ्यांत विरून जाते.

आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बोलू लागतो तेव्हा काय सांगतो? संबंधांनंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, पाणचट, रक्तमिश्रित, कुजका वास येणारा स्राव. हे असेल तर वाट न बघता त्याच आठवड्यात आतून तपासणी. पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात.

लस

एचपीव्हीची लस २००६ पासून जगात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्व्हावॅक' २०२३ मध्ये बाजारात आली. ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर ती काम करते. लशीत विषाणू नसतो, त्याच्या कवचाचं नुसतं प्रथिन असतं, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होऊच शकत नाही. संबंध सुरू होण्याआधी दिली तर सर्वांत उपयोगी, म्हणून ९ ते १४ हे वय. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी "लशीने मुली मेल्या" ही गोष्ट २०१० मधली आहे. आंध्र आणि गुजरातेतल्या एका लसीकरण प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत बुडणं, सर्पदंश, विष अशी कारणं निघाली, लशीशी संबंध आढळला नाही. पण पालकांची संमती घेण्यात ढिसाळपणा झाला होता, हे खरं होतं आणि संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले. त्या गदारोळात देशातलं बाकीचं एचपीव्ही लस-संशोधनही सरकारने थांबवलं. पुणे, बार्शी, मुंबईसह अनेक ठिकाणी १७,७०० मुलींवर दोन डोस की तीन डोस हे पाहणारा एक अभ्यास अर्ध्यात अडकला, आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की टिकून राहणाऱ्या १६-१८ च्या संसर्गापासून एक डोसही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोस पुरेसा मानला, त्यामागे हा अपघाताने घडलेला भारतीय अभ्यासही आहे.

लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण काही प्रकार लशीबाहेर राहतात.

पिशवी काढा म्हटल्यावर

बीडच्या बायकांनी अज्ञानापोटी पिशव्या काढल्या असं म्हणणं सोपं आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून दिवाळीआधी उचल घेतलेली असते. फडात पाळी आली, पोट दुखलं म्हणून बसलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. कोपीजवळ, म्हणजे राहत्या झोपडीजवळ, संडास नाही, धुवायला पाणी नाही, कापड वाळवायला आडोसा नाही. संसर्ग होणारच, आणि औषधाने बरा झाला तरी त्याच कोपीत पुन्हा होणार. अशा वेळी "एकदाच काढली की कटकट मिटली" हे डॉक्टरचं वाक्य पटतं. २०१९ च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं. पाण्याची आणि खाड्याची गोष्ट मात्र परवानगीच्या कागदाने सुटत नाही.

तिशी-पस्तिशीत पिशवी काढली, आणि सोबत बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम पंधरा वर्षं आधी सुरू होतात. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढता धोका. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं: आजाराचं नाव काय? गर्भाशयमुखाची तपासणी किंवा बायॉप्सी केली का? औषधाने किंवा तांबीने भागेल का? बीजांडकोश ठेवणार का? कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. यात कुणाचा अपमान नाही, आणि या आजारांत आठवडाभराच्या उशिराने काही बिघडत नाही.

तपासणीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर? एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, फक्त विषाणू सापडला. पुढे व्हिनेगर लावून किंवा कॉल्पोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात, शंका वाटली तर तुकडा तपासायला पाठवतात. कॅन्सरपूर्व डाग दिसला तर १०० अंशांना तापवलेल्या छोट्या प्रोबने तेवढाच भाग अर्ध्या-एक मिनिटात जाळतात, किंवा विजेच्या तारेने कापून काढतात. भूल फारशी लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. महिनाभर पाणचट स्राव येतो आणि तेवढा काळ संबंध टाळायचे असतात. वर्षाने पुन्हा तपासणी. पिशवी जागेवर राहते, पुढे मूलही होऊ शकतं.

राहिला घरात उठणारा प्रश्न, "हा आला कुठून?" याचं उत्तर कुठलाही डॉक्टर देऊ शकत नाही. विषाणू दहा-पंधरा वर्षांपूर्वी येऊन गुपचूप बसलेला असू शकतो, लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. पुरुषांना बहुधा काहीच लक्षण नसतं आणि त्यांच्यासाठी नेहमीच्या वापराची मान्यताप्राप्त तपासणीही नाही, त्यामुळे नवऱ्याला लॅबमध्ये पाठवून काही हाती लागत नाही.